हातात काय, डोक्यावर काय, शेजारी कोण: ग्रीक देव ओळखायचे कसे

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात दोन मीटरहून थोडा उंच असा एक ब्राँझचा पुरुष उभा आहे. दाढी आहे, अंगावर कपडा नाही, डावा हात समोर ताणलेला आणि उजवा मागे खेचलेला. आता काहीतरी फेकणार, अशा पवित्र्यात. १९२६ आणि १९२८ मध्ये आर्टेमिसिअन भूशिराजवळच्या समुद्रातून तो तुकड्यांनी वर आला. तो देव आहे यावर फारसं दुमत नाही. कोणता देव, यावर मात्र बरीच भांडणं झाली, कारण उजव्या मुठीतली वस्तू काही सापडली नाही. वज्र असेल तर देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर समुद्राचा देव पोसायडन. आज बहुतेकांचा कौल झ्यूसच्या बाजूने आहे. त्रिशूळ त्या मुठीत धरून बघितला तर त्याचा लांब दांडा चेहऱ्याच्या आड येतो, आणि कुठलाही शिल्पकार असा चेहरा झाकून टाकणार नाही. शिवाय याच पवित्र्यातल्या झ्यूसच्या लहान ब्राँझ मूर्ती हातातल्या वज्रासकट मिळाल्या आहेत.

ओळख पटवायची रीत या एका मूर्तीत दिसते. आधी हातातली वस्तू, ती नसेल तर शरीराचा पवित्रा, तेवढ्याने भागलं नाही तर तशीच दुसरी मूर्ती शोधायची. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयात जाणार असाल किंवा घरबसल्या त्यांच्या वेबसाइटवर फोटो चाळणार असाल, तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

मूर्ती ओळखणं आपल्याला नवीन नाही. शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात आहे यावरून विष्णूच्या चोवीस मूर्तींची नावं ठरतात, आणि ते शास्त्रात लिहून ठेवलेलं आहे. ग्रीकांकडे असा नियमग्रंथ नव्हता. चित्रकाराने परंपरा पाळली, पण हवी तिथे मोडलीही. म्हणून एक नियम आधीच करून टाका: एकाच खुणेवर नाव ठरवायचं नाही. दोन खुणा जुळाव्या लागतात, आणि त्या प्रसंगात बसाव्या लागतात.

पहिली पायरी: काळ

सुरुवात पुतळ्यांपासून नको, मातीच्या भांड्यांपासून करा. भांड्यांवर देव भरपूर आहेत, धडधाकट आहेत आणि काहीतरी करताना दिसतात. नारिंगी मातीवर काळ्या आकृती असतील तर ती जुनी पद्धत. अथेन्समध्ये ती इ.स.पू. सहाव्या शतकात भरात होती. पार्श्वभूमी काळी आणि आकृती नारिंगी असतील तर ती नंतरची, साधारण इ.स.पू. ५३० पासून पुढची. पाटी न वाचताही एवढं सांगता येतं.

काळ आधी ठरवायचा, कारण देवांचं वय काळाप्रमाणे बदलतं, आणि तेही उलट्या दिशेने. देवांचा दूत हर्मीस आणि मद्याचा देव डायोनायसस जुन्या भांड्यांवर दाढीवाले बाप्ये आहेत. पाचव्या शतकाच्या ओघात त्यांची दाढी जाते आणि ते कोवळे तरुण होतात. पुस्तकातला गुळगुळीत चेहऱ्याचा हर्मीस डोक्यात ठेवून सहाव्या शतकातला कलश बघायला गेलात तर तो समोर असून ओळखू येणार नाही.

जुन्या काळ्या आकृतींत आणखी एक सोय आहे. बायकांची कातडी पांढऱ्या रंगाने रंगवलेली असते. शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्याचा चेहरा आणि दंड पांढरे दिसले की ती अथीना असू शकते. ‘असू शकते’ म्हणतो, कारण लढणाऱ्या अॅमेझॉन बायकाही अशाच पांढऱ्या असतात. तिथे दुसरी खूण शोधायची: खांद्यावर आणि छातीवर सापांची झालर असलेलं कवच, म्हणजे ईजिस. ते दिसलं की अथीना. गंमत म्हणजे होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यात हे ईजिस मुळात झ्यूसचं आहे. अथीना ते घालते आणि एकदा अपोलोही ते हाती घेऊन लढतो. चित्रकारांनी मात्र ते जवळजवळ पूर्णपणे अथीनाच्या नावावर करून टाकलं.

दुसरी पायरी: हात, डोकं, पाय

आकृतीकडे वरपासून खालपर्यंत बघायचा मोह आवरा. आधी हात. वज्र दोन्ही टोकांना कळीसारखं फुललेलं असतं आणि मध्ये मूठ असते, ते झ्यूसचं. तीन पात्यांचा त्रिशूळ पोसायडनचा, सोबत बहुधा मासा किंवा डॉल्फिन. टोकाला दोन वेटोळी असलेली काठी हर्मीसची, ती दूताची खूण. तंतुवाद्य किंवा लॉरेलची फांदी अपोलोकडे. दोन उंच कानांचा प्याला आणि आयव्हीची वेल डायोनायससकडे. हातोडा, चिमटा किंवा कुऱ्हाड हेफेस्टसकडे, कारण तो लोहार. गव्हाच्या ओंब्या आणि मशाल डेमेटरकडे, मशाल तिच्या मुलीकडे म्हणजे पर्सेफनीकडेही.

मग डोकं. रुंद काठाची प्रवासी टोपी हर्मीसची, कारागिराची गोल टोपी हेफेस्टसची, शिरस्त्राण अथीनाचं किंवा आरेसचं. सिंहाचा जबडा टोपीसारखा डोक्यावर ओढलेला असेल तर हेराक्लीज, म्हणजे हर्क्युलिस. शेवटी पाय: पंख लावलेले बूट हर्मीसचे. या सगळ्याचं पाठांतर करू नका. वीस-पंचवीस भांडी बघितली की हे आपोआप बसतं.

तिसरी पायरी: फसवणाऱ्या खुणा

नवखे लोक इथेच अडखळतात, म्हणून इथे जरा थांबू.

धनुष्य अपोलोकडे असतं, त्याच्या बहिणीकडे आर्टेमिसकडे असतं, हेराक्लीजकडेही असतं. पंखांचे बूट हर्मीसचे, पण सापांच्या केसांच्या मेडुसाला मारून पळणारा वीर पर्सिअस तेच बूट घालून पळतो. दूताची काठी आयरिस या देवदूतीकडेही असते. तिला पाठीवर मोठे पंख असतात, हर्मीसला ते नसतात. सिंहाचं कातडं हेराक्लीजचं हे खरं, पण अलेक्झांडरच्या चांदीच्या नाण्यांवर तोच सिंहमुखी हेराक्लीज आहे आणि लोक त्याला सर्रास अलेक्झांडरचं चित्र समजतात.

वज्राचंही तसंच. मिनँडर राजाची, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या मिलिंदाची, चांदीची नाणी बघा. मागच्या बाजूला एक आकृती ढाल पुढे करून वज्र फेकते आहे. एका खुणेवर नाव ठरवणारा झ्यूस म्हणेल. पण अंगावर बाईचा लांब झगा आहे, डोक्यावर शिरस्त्राण आहे. ती अथीना आहे, बापाचं आयुध घेतलेली. भोवती खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. ही नाणी फार काळ चालली: पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी आपल्या प्रवासवहीत लिहितो की भडोच बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी नाणी अजून चलनात आहेत.

आणि काही देवांना धड खूणच नाही. हेरा म्हणजे देवांची राणी, पण तिच्याकडे असतो एक राजदंड, कधी मुकुट, कधी डोक्यावरचा पदर; राजदंड तर निम्म्या देवांकडे असतो. झ्यूस शेजारी असला तर ती हेरा, एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागवावं लागतं. आरेस कुठल्याही सैनिकासारखा दिसतो. चुलीची देवी हेस्टिया तर नाव लिहिलं नसेल तर जवळपास ओळखूच येत नाही. तिच्या फारशा कथाच नाहीत, मग चित्रकाराने तिला काय करताना दाखवायचं?

चौथी पायरी: शेजारी कोण बसलंय

हेरा-आरेससारख्यांसाठी शेजार बघायचा. याचा सर्वांत चांगला वर्ग म्हणजे अथेन्समधल्या पार्थेनॉन या अथीनाच्या देवळाच्या पूर्वेकडची कोरीव पट्टी, इ.स.पू. ४४० च्या आसपासची. तिचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पोसायडन, अपोलो आणि आर्टेमिस यांचा तुकडा अथेन्सच्या अॅक्रोपोलिस म्युझियममध्ये.

मिरवणूक दोन्ही बाजूंनी येते आहे आणि मध्ये बारा देव बसले आहेत. आधी देव कोण हे कसं कळतं ते बघा: ते बसलेले आहेत, तरीही त्यांची डोकी उभ्या माणसांच्या डोक्यांच्या पातळीला आहेत. उभे राहिले तर छत फोडतील. आता डावीकडून एकेक. पहिल्याच्या मांडीवर प्रवासी टोपी, तो हर्मीस. त्याच्या खांद्यावर रेलून पाठमोरा बसलेला, बहुधा डायोनायसस. त्याच्यासमोर मशाल घेतलेली, डेमेटर. पुढचा दोन्ही हातांनी गुडघा धरून अस्वस्थपणे मागे झुकला आहे. हातात सांगण्यासारखं आयुध नाही, ढाल नाही, आणि तो आरेस. युद्धाच्या देवाला शांत बसवत नाही, हे शिल्पकाराने गुडघ्यावरच्या बोटांतून सांगितलंय. मला सगळ्या पट्टीत हा सर्वांत आवडतो.

पुढे एक बाई नवऱ्याकडे वळून डोक्यावरचा पदर बाजूला करते आहे. ही लग्नातल्या नवरीची खूण. शेजारचा पुरुष पाठीचा टेका आणि हात असलेल्या सिंहासनावर आहे. बाकी सगळे साध्या बैठकांवर. म्हणजे हेरा आणि झ्यूस. मध्यभागाच्या पलीकडे अथीना, पण शिरस्त्राणाशिवाय. तिचं सापांचं ईजिस मांडीवर पडलेलं आहे, घरच्यांत बसल्यासारखं. तिच्या शेजारी काखेत काठी घेतलेला हेफेस्टस. त्याचा लंगडेपणा तेवढ्या काठीत आला.

या पट्टीसमोर वेळ असेल तर अर्धा तास बसा. पाटी न वाचता बारांपैकी किती जमतात ते बघा आणि मग पाटी वाचा.

पाचवी पायरी: अक्षरं वाचा, पण जपून

बऱ्याच भांड्यांवर चित्रकाराने आकृतीशेजारी नाव लिहिलेलं असतं. फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला फ्रान्स्वा कलश, इ.स.पू. ५७० च्या सुमाराचा, यासाठी प्रसिद्ध आहे. कुंभार एर्गोटिमोस, चित्रकार क्लाइटिआस. दोघांनी सह्या केल्या आहेत. दोनशेहून अधिक आकृत्या आणि शंभराहून अधिक लेख. पेलिअस आणि थेटिस यांच्या लग्नाला देवांची रांग लागली आहे आणि नावं लिहिलेली आहेत, त्यामुळे इतर निनावी भांड्यांवरचे देव ओळखायला हा कलश किल्लीसारखा वापरतात. त्या रांगेत डायोनायसस खांद्यावर जड मद्यकुंभ घेऊन चालतो आणि बाकी जवळजवळ सगळे बाजूने दिसत असताना तो मात्र थेट आपल्याकडे बघतो. १९०० मध्ये संग्रहालयाच्या एका रखवालदाराने रागाच्या भरात या कलशाचे सहाशेहून अधिक तुकडे केले होते. पुन्हा जोडला, म्हणून आज बघता येतो.

ग्रीक मोठी अक्षरं एका संध्याकाळी शिकता येतात, तेवढं कराच. मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. लेख उजवीकडून डावीकडेही असतो. बहुतेकदा आकृतीच्या तोंडाकडून सुरू होतो. ‘कालोस’ असं दिसलं तर ते देवाचं नाव नव्हे. अमुक तरुण देखणा आहे, अशी ती अथेन्समधली त्या काळची तारीफ आहे आणि चित्राशी तिचा संबंध असेलच असं नाही. आणि काही भांड्यांवरची अक्षरं चक्क निरर्थक आहेत. चित्रकाराला लिहिता येत नसेल, किंवा गिऱ्हाइकाला वाचता येत नसेल.

सहावी पायरी: मग ग्रंथ उघडा

ग्रंथ आधी वाचून मग चित्रं बघायला गेलं की माणूस चित्रात ग्रंथच शोधत बसतो, म्हणून ही पायरी मुद्दाम उशिरा ठेवली.

म्युनिकच्या प्राचीन कला संग्रहालयात एक्सेकिआसची सही असलेली मद्याची उथळ वाटी आहे, इ.स.पू. ५३० च्या आसपासची. आतल्या बाजूला लालसर पार्श्वभूमीवर एक होडी, पांढरं शीड, होडीत आडवा पडलेला दाढीवाला पुरुष, हातात पेयाचं शिंग. डोलकाठीवरून द्राक्षवेल चढली आहे, तिला सात घोस. खाली-वर सात डॉल्फिन. नावाडी कुणीच नाही. द्राक्षं आणि शिंग या दोन खुणा जुळल्या: डायोनायसस.

आता होमरच्या नावावर असलेल्या देवस्तोत्रांपैकी सातवं काढा, साठेक ओळींचं आहे. समुद्रकाठी उभ्या एका तरुणाला चाचे राजपुत्र समजून पळवतात. त्याला बांधायला जातात तर दोर आपोआप गळून पडतात. सुकाणू धरणारा घाबरतो: हा माणूस नाही, हा झ्यूस असेल, किंवा अपोलो, किंवा पोसायडन! देव आहे हे त्याला कळलं, कोणता ते कळलं नाही. तेव्हा आपल्याला कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नये. मग जहाजात मद्य वाहू लागतं, डोलकाठीवर वेल चढते, देव सिंह होतो, चाचे पाण्यात उड्या टाकतात आणि डॉल्फिन होतात. सुकाणूवाला तेवढा वाचतो.

दोन्ही शेजारी ठेवा. स्तोत्रात तरुण, वाटीत दाढीवाला. स्तोत्रात सिंह, वाटीत नाही. सुकाणूवालाही वाटीत नाही. म्हणजे एक्सेकिआस ‘चुकला’ का? तो ही गोष्ट सांगतोय असं आपण मानतो. कदाचित त्याच्या कानावर दुसरी गोष्ट असेल, कदाचित त्याने मारामारी संपल्यानंतरचा क्षण निवडला असेल. ग्रीक कथांना एकच अधिकृत पाठ नाही. जुना ग्रीक कवी हेसिअड याच्या मते प्रेमाची देवी अॅफ्रोडायटी समुद्राच्या फेसातून जन्मली, ‘इलियड’मध्ये ती झ्यूस आणि डिओनीची मुलगी. निओबी राणीच्या मेलेल्या मुलांची संख्या ‘इलियड’मध्ये बारा, रोमन कवी ओव्हिडकडे चौदा. लूव्र संग्रहालयातल्या मोठ्या कलशावर अपोलो आणि आर्टेमिस त्याच मुलांवर बाण सोडताना दिसतात. तिथे मुलं मोजून कोण बरोबर ते ठरवायला जाऊ नका.

वाचायचं कशा क्रमाने? माझा क्रम असा. आधी होमरी स्तोत्रं, डेमेटर आणि हर्मीसची मोठी स्तोत्रं तर नक्कीच. डेमेटरच्या स्तोत्रात मुलगी हरवलेल्या आईचा संताप आहे आणि दुष्काळ आहे. हर्मीसच्या स्तोत्रात जन्मल्या दिवशी कासवाच्या पाठीचं वाद्य करून अपोलोच्या पन्नास गाई उलट्या पावलांनी चोरणारं बाळ आहे. नंतर हेसिअडची ‘थिओगोनी’: हजारेक ओळी, सगळी वंशावळ. ती पहिल्यांदा वाचली तर नावांच्या गर्दीत जीव गुदमरतो, म्हणून दुसरी. मग ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’, आणि युरिपिडीसचं डायोनायससवरचं ‘बॅकी’ हे नाटक. ओव्हिड शेवटी. तो लॅटिन कवी, इसवी सनाच्या सुरुवातीचा, रोमन, आणि विलक्षण रंगतदार; आज इंटरनेटवर ‘ग्रीक पुराणकथा’ म्हणून फिरणारं बरंच काही त्याचं असतं. मेडुसा आधी सुंदर होती आणि अथीनाने तिला सापांचे केस दिले, हे त्याच्याकडून आलंय. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या भांड्यावरची मेडुसा बघताना ती हकीकत मनात आणू नका.

सातवी पायरी: संगमरवरासमोर संशय

पुतळ्यांना खूप लोक हात लावून गेलेत. गाजलेल्या ग्रीक मूर्तींपैकी बहुतेक ब्राँझच्या होत्या आणि वितळवल्या गेल्या. आपल्यासमोर असतात त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला. मूर्तीच्या पायाशी उगाच झाडाचा बुंधा दिसला तर तो दगडाचा भार पेलायला घातलेला असतो, कथेतलं झाड म्हणून अर्थ लावत बसू नका. हात तुटके असतील तर बरं, कारण अखंड हात बरेचदा नंतर बसवलेले असतात. व्हॅटिकनमधल्या प्रसिद्ध अपोलोला सोळाव्या शतकात मोंटोर्सोली या शिल्पकाराने हात जोडून दिले होते. म्हणून पाटीवर ‘जीर्णोद्धार’ असा शब्द असेल तर कुठला भाग जुना ते आधी बघा. ओळखीची वस्तू नेमकी नव्या हातात असेल तर ती पुरावा म्हणून धरायची नाही.

आठवी पायरी: घरबसल्या सराव

ऑक्सफर्डच्या बीझली अर्काइव्हमध्ये ग्रीक भांड्यांच्या लाखाहून जास्त नोंदी आहेत, फुकट बघता येतात. ब्रिटिश म्युझियमचा संग्रहही ऑनलाइन आहे. ग्रंथांची मूळ ग्रीक आणि इंग्रजी पानं टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सिअस डिजिटल लायब्ररीवर मिळतात. एक देव निवडा, शोधखिडकीत नाव टाका, दहा-बारा चित्रं पुढ्यात ठेवा आणि प्रत्येकाखाली तीनच गोष्टी लिहा: हातात काय, डोक्यावर काय, शेजारी कोण. मग वर्णन वाचून ताडून बघा. वर्णनातल्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिसलं तर ते सोडून देऊ नका. अशा ठिकाणी तज्ज्ञांना कुठली दुसरी खूण मिळाली नाही, हे शोधण्यात खरा सराव होतो.

कोल्हापूरच्या आसपास असाल तर तिथलं टाऊन हॉल संग्रहालय बघा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यात रोमन साम्राज्यातून व्यापारी मार्गाने आलेली पोसायडनची हातात मावेल एवढी मूर्ती होती. काचेपाशी गेल्यावर आधी दाढी, मग दोन्ही हात, मग उभं राहण्याची ढब, या क्रमाने बघा आणि पाटीवरचं नाव तुम्हाला मान्य आहे का ते ठरवा.